हजार ओळींतून आपली ओळ शोधूया

मैत्रिणींनो, कर्जाचा हप्ता आपण बैठकीत भरतो आणि वहीत सही होते. पुढे संघाच्या संगणकात त्याची एक ओळ बनते. ती ओळ पडलीच नाही किंवा दुसरीच्या क्रमांकावर पडली, तर भरलेला हप्ता थकीत दिसतो आणि पुढचं कर्ज अडतं. म्हणून वर्षातून एकदा तरी आपल्या ओळी बघायला मागा.

"बारा महिन्यांच्या बारा फायली, शोधायचं कसं?" असं लेखापालताई म्हणतील. त्यासाठी संगणकात एक चाळणी आहे. लिनक्सवर तिला 'ग्रेप' म्हणतात. केन थॉम्पसन यांनी ती १९७३ च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये लिहिली. विंडोजवर तसंच काम 'फाइंडएसटीआर' करते. आपण दिलेला मजकूर ज्या ओळीत असेल, तेवढीच ओळ ती दाखवते. ती फक्त वाचते, फाईलमधलं काही पुसत नाही.

समजा, प्रत्येक ओळीत तारीख, गट क्रमांक, सभासद क्रमांक, रक्कम असा क्रम आहे. गट २३, सभासद ४१७. मग असं करा:

१. एक्सेलच्या फायली आधी 'सीएसव्ही' प्रकारात जतन करून एका फोल्डरमध्ये ठेवा. फाईलला महिन्याचं नाव द्या.
२. तो फोल्डर उघडून वरच्या पत्त्याच्या पट्टीत 'सीएमडी' लिहा आणि एंटर दाबा. काळी खिडकी उघडेल.
३. तिथे लिहा: फाइंडएसटीआर ",२३,४१७," *.सीएसव्ही

सगळी अक्षरं आणि अंक इंग्रजीतच टाइप करायचे. स्वल्पविराम विसरू नका. नुसतं ४१७ शोधलं तर १४१७ क्रमांकाची बाई आणि ४१७० रुपयांची रक्कमही चाळणीतून खाली येईल. नावाने शोधू नका, कारण एकच नाव तीन प्रकारे लिहिलेलं असतं. क्रमांक मात्र एकच.

पडद्यावर प्रत्येक ओळीआधी फाईलचं नाव येतं, त्यामुळे कोणता महिना गळला ते लगेच कळतं. आता ओळी आपल्या पासबुकाशी जुळवा. समजा, पासबुकात बारा हप्ते आहेत आणि ओळी अकराच. लगेच कुणावर आळ घेऊ नका. ज्या महिन्याची ओळ नाही, त्या एकाच फाईलमध्ये ",२३," शोधा. गटाच्या सगळ्या ओळी दिसतील. कुणाच्या नावावर दोन हप्ते पडलेत का, ते पाहा. तरीही सापडलं नाही तर पावती घेऊन गटाच्या बैठकीत विषय मांडा आणि तो इतिवृत्तात लिहून घ्या.

एक काळजी घ्या. फाईलमध्ये सगळ्याजणींचा हिशोब असतो. ती व्हॉट्सॲपवर पाठवू नका, आपल्यापुरत्या ओळी छापून घ्या.

संगणक ताईंनी चालवला तरी क्रमांक आपल्याला पाठ हवा. आजच पासबुक काढा आणि पाहून ठेवा.