विश्लेषण : जनसंवाद सभेत मांडलेल्या तक्रारीचे पुढे काय होते? सांगवीकरांचे कोणते प्रश्न तिथे सुटतात, कोणते नाहीत?

तुंबलेले चेंबर, बंद पथदिवा, दिवसाआड आणि तेही कमी दाबाने येणारे पाणी, पावसाळ्यात दारापर्यंत येणारी नदी. जुनी सांगवी आणि नवी सांगवीतील रहिवाशांच्या या नेहमीच्या तक्रारी. त्या मांडण्यासाठी पिंपरी-चिंचवड महापालिकेने जनसंवाद सभा सुरू केली. तिथे काही प्रश्न लवकर मिटतात, तर काही दर वेळी नव्याने मांडावे लागतात. यामागे प्रत्येक वेळी अधिकाऱ्यांची टाळाटाळ असते असे नाही. अनेकदा त्या प्रश्नाचा निर्णय त्या टेबलावर होतच नाही. आता महापालिकेत पुन्हा लोकनियुक्त सभागृह येत असताना कोणता प्रश्न कोणाच्या दारात न्यायचा, याचा हा आढावा.

जनसंवाद सभा सुरू का झाली?

महापालिकेतील नगरसेवकांची मुदत १३ मार्च २०२२ रोजी संपली. निवडणूक वेळेवर झाली नाही आणि आयुक्त हेच प्रशासक झाले. त्या आधीच्या महापौर उषा ऊर्फ माई ढोरे या सांगवीच्याच. म्हणजे शहराचे महापौरपद असलेल्या गावात मुदत संपताच तक्रार ऐकायला एकही नगरसेवक उरला नाही. सर्वसाधारण सभा आणि स्थायी समिती या दोन्हींचे अधिकार प्रशासकांकडे गेले.

ही पोकळी भरून काढण्यासाठी २०२२ मध्ये आठही क्षेत्रीय कार्यालयांत जनसंवाद सभा सुरू झाली. सुरुवातीला ती दर सोमवारी होत असे, पुढे महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या सोमवारी होऊ लागली. प्रत्येक सभेसाठी वरिष्ठ अधिकारी मुख्य समन्वयक म्हणून नेमले जातात. पाणीपुरवठा, स्थापत्य, विद्युत, आरोग्य, जलनिःसारण, उद्यान अशा विभागांचे अधिकारी समोर बसतात. नागरिक ‘तक्रारवजा सूचना’ मांडतात आणि त्यांची नोंद होते. सांगवीचा भाग कासारवाडीतील ‘ह’ क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत येतो.

या सभेला कायद्याचा आधार आहे का?

ही प्रशासनाने सुरू केलेली व्यवस्था आहे. महापालिका अधिनियमात जनसंवाद सभा नावाची तरतूद नाही. त्यामुळे ती कधी घ्यायची, किती वेळ चालवायची, सुरू ठेवायची की बंद करायची, हे प्रशासन ठरवते. या सभेत ठराव होत नाही, मतदान होत नाही, निधीही मंजूर होत नाही. अधिकारी फक्त त्यांच्या अखत्यारीतील आणि अर्थसंकल्पात आधीच तरतूद असलेले काम करून देऊ शकतात.

म्हणून चेंबर साफ करणे, दिवा दुरुस्त करणे, खड्डा बुजवणे, धोकादायक फांदी तोडणे, कचरागाडीची वेळ बदलणे अशा कामांसाठी ही सभा उपयोगी आहे. समोर बसलेला अभियंता कनिष्ठ सहकाऱ्याला तिथल्या तिथे सूचना देऊ शकतो. पण ‘पाणी रोज का नाही?’ किंवा ‘पुराचे पाणी घरात का शिरते?’ या प्रश्नांची उत्तरे क्षेत्रीय कार्यालयात नाहीत.

पाण्याचा निर्णय कुठे अडतो?

शहरात २५ नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणीपुरवठा सुरू आहे. तो सुरू झाला तेव्हा तात्पुरता वाटला होता, आता ती शहराची सवय झाली आहे. मुख्य स्रोत पवना धरण. त्याची साठवण क्षमता सुमारे साडेआठ टीएमसी. धरण जलसंपदा विभागाच्या ताब्यात आहे आणि शहराला किती पाणी उचलता येईल, हे राज्य सरकारच्या मंजुरीवर ठरते. धरणातून नदीत सोडलेले पाणी महापालिका रावेत येथे उचलते.

धरणातून थेट बंद जलवाहिनीने पाणी आणण्याचा प्रकल्प आखला गेला होता. मावळातील शेतकऱ्यांनी त्याला विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा मृत्यू झाला आणि प्रकल्प थांबला. राज्य सरकारने स्थगिती उठवली ती २०२३ मध्ये. मावळातला विरोध मात्र संपलेला नाही. दरम्यान आंद्रा धरणाचे पाणी इंद्रायणीतून उचलून चिखलीच्या जलशुद्धीकरण केंद्रात आणले गेले. पण शहरही त्याच वेगाने वाढत राहिले.

म्हणजे रोज पाणी हवे असेल तर निर्णय मंत्रालय, जलसंपदा विभाग आणि महापालिका सभागृह या तीन ठिकाणी होतो. आपल्या गल्लीला शेजारच्या गल्लीपेक्षा कमी दाबाने पाणी का येते, व्हॉल्व्ह किती वेळ उघडा असतो, वाहिनी कुठे गळते हे प्रश्न मात्र पूर्णपणे स्थानिक आहेत. ते जनसंवाद सभेत विचारलेच पाहिजेत. ‘पाणी येत नाही’ एवढेच म्हणण्यापेक्षा ‘अमुक गल्लीत, अमुक वारी, इतकी मिनिटे पाणी आले’ अशी पंधरा दिवसांची नोंद पुढे ठेवली, तर उत्तर टाळणे अवघड जाते.

पुराची जबाबदारी कोणाची?

सांगवी पवना आणि मुळा या दोन नद्यांच्या बेचक्यात वसली आहे. जवळच दापोडीत या नद्यांचा संगम होतो. पवनेवरचे धरण जलसंपदा विभागाचे, तर मुळेवरचे मुळशी धरण टाटा पॉवर कंपनीचे. मुळेच्या पलीकडचा औंध-बोपोडीचा काठ पुणे महापालिकेचा. त्यामुळे सांगवीत पाणी किती चढणार, यात पिंपरी-चिंचवड महापालिकेबाहेरच्या किमान तीन यंत्रणांचा वाटा असतो. जुलै २०२४ मधील अतिवृष्टी आणि धरणांतील विसर्गानंतर जुन्या सांगवीतील मुळानगर, मधुबन सोसायटी या नदीकाठच्या भागांना पुराचा फटका बसला आणि रहिवाशांना हलवावे लागले.

येथे दोन रेषा समजून घ्याव्या लागतात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दाखवते ती निळी पूररेषा. नदी आणि या रेषेमधील पट्ट्यात नवे बांधकाम निषिद्ध. १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दाखवते ती लाल रेषा. निळ्या आणि लाल रेषेमधल्या पट्ट्यात निर्बंध पाळून बांधकाम करता येते. या रेषा जलसंपदा विभाग आखतो, महापालिका त्या विकास आराखड्यात दाखवते आणि बांधकाम परवानगी देताना पाळते.

रेषेकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, हे शहराने पाहिले आहे. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतील ३६ बंगले महापालिकेने मे २०२५ मध्ये पाडले. राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश सर्वोच्च न्यायालयातही कायम राहिला होता. भूखंड विकणारा, बांधकाम होऊ देणारी यंत्रणा आणि घर घेणारा यांच्यापैकी शेवटी घर गेले ते घर घेणाऱ्याचे. सांगवीत नदीकाठी घर घेणाऱ्याने किंवा पुनर्विकासाला संमती देणाऱ्याने आधी पूररेषेचा नकाशा पाहावा, तो यासाठी.

जनसंवाद सभेत धरणाचा विसर्ग ठरवता येत नाही. पण विसर्गाचा इशारा किती आधी मिळतो, भोंगा आणि संदेश कोणत्या गल्लीपर्यंत पोहोचतो, निवाऱ्याची शाळा आधीच ठरली आहे का, पावसाळी गटारांतून नदीचे पाणी उलटे येऊ नये म्हणून काय केले, या गोष्टी महापालिकेच्या हातात आहेत. हे प्रश्न मेमध्ये विचारायचे असतात, पाणी चढल्यावर नव्हे.

सभागृह नसताना मोठे निर्णय झाले का?

झाले. मुळा नदी पुनरुज्जीवन प्रकल्पाचा पहिला टप्पा वाकड बायपास ते सांगवी पूल असा आहे. त्यासाठी महापालिकेने २०२३ मध्ये कर्जरोख्यांतून २०० कोटी रुपये उभारले. काठावर भराव टाकल्याने पात्र अरुंद होईल का, झाडे जातील का, हे आक्षेप पर्यावरणप्रेमींनी घेतले आणि २०२५ मध्ये पिंपळे निलख परिसरात आंदोलनही झाले. प्रकल्पाच्या बाजूनेही मुद्दे आहेत. नदीत थेट जाणारे सांडपाणी अडवणे आणि काठाची धूप थांबवणे गरजेचे आहे, हे कोणी नाकारत नाही. प्रश्न आहे तो ही चर्चा सभागृहात, लोकांसमोर न होता निर्णय होण्याचा.

शहराचा सुधारित प्रारूप विकास आराखडाही प्रशासकीय काळातच, मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. हरकतींसाठी ६० दिवस मिळाले आणि जवळपास ५० हजार हरकती आल्या. जनसंवाद सभेतील तोंडी तक्रार आणि आराखड्यावरील लेखी हरकत यांतला फरक येथे महत्त्वाचा आहे. हरकत घेणाऱ्याला सुनावणीचा कायदेशीर हक्क असतो. पण ती मुदतीतच द्यावी लागते. मुदत संपली की जनसंवाद सभेत कितीही वेळा सांगितले, तरी ती हरकत धरली जात नाही.

आता नगरसेवक आले, मग काय बदलेल?

महापालिकेसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. ३२ प्रभाग, प्रत्येकी चार याप्रमाणे १२८ नगरसेवक. त्यामुळे दोन कायदेशीर दारे पुन्हा उघडतात.

पहिले दार प्रभाग समितीचे. महापालिका अधिनियमाच्या कलम २९अ नुसार पाणीपुरवठा, मलनिःसारण, स्वच्छता अशा तक्रारी लवकर सोडवणे आणि आपल्या भागाच्या खर्चाबाबत शिफारशी करणे हे या समितीचे काम आहे. समितीवर स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेण्याचीही तरतूद आहे.

दुसरे दार क्षेत्रसभेचे. गावात जशी ग्रामसभा, तशी शहरात क्षेत्रसभा व्हावी म्हणून २००९ मध्ये अधिनियमात दुरुस्ती झाली. काही मतदान केंद्रांच्या परिसरातील मतदारांनी एकत्र यावे, नगरसेवकाने सभा बोलवावी, लोकांनी कामांचा अग्रक्रम सुचवावा, अशी ती कल्पना. प्रत्यक्षात राज्यातील बहुतेक शहरांत ती रुजली नाही. चार सदस्यांच्या प्रभागात कोणी कोणत्या भागाची सभा घ्यायची, हा पेचही आहे. ग्रामसभेची सवय असलेले गाव महापालिकेत आले की तिथला रहिवासी हा हक्क गमावतो. जनसंवाद सभेने त्याची थोडी भरपाई केली, पण ती क्षेत्रसभेची जागा घेऊ शकत नाही. तिथे नागरिक तक्रारदार असतो, तर क्षेत्रसभेत तो निर्णय सुचवणारा असतो.

कोणता प्रश्न कुठे न्यायचा?

• खड्डा, चेंबर, पथदिवा, कचरा, स्थानिक पाणीदाब : जनसंवाद सभा किंवा ‘सारथी’ हेल्पलाइन (८८८८००६६६६). तक्रार क्रमांक जपून ठेवा.

• दाखले, परवाने, नळजोड अशा अधिसूचित सेवा : लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. ठरलेल्या दिवसांत सेवा मिळाली नाही, तर अपील करता येते.

• नवा रस्ता, उद्यान, पावसाळी गटार : नगरसेवक आणि प्रभाग समिती, तेही अर्थसंकल्प तयार होण्याआधी.

• आरक्षण, रस्तारुंदी, पूररेषा : विकास आराखड्यावर मुदतीत लेखी हरकत.

• वीजपुरवठा महावितरणकडे, बससेवा पीएमपीएमएलकडे आणि औंध जिल्हा रुग्णालय राज्याच्या आरोग्य विभागाकडे. हे रुग्णालय सांगवीतच असले तरी महापालिकेचे नाही.

• तक्रारीवर काय कारवाई झाली, हे कळत नसेल तर : माहिती अधिकाराचा अर्ज. उत्तराची मुदत ३० दिवस.

सभेला जाताना काय न्यावे?

एका अर्जात एकच प्रश्न, नेमके ठिकाण, तारखेसह फोटो आणि आधीचा तक्रार क्रमांक असावा. ‘काम कधी होईल?’ याबरोबर ‘हे काम कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे आणि त्यासाठी तरतूद आहे का?’ हेही विचारावे. तरतूद नसेल तर तसे लेखी मागावे. तो कागद घेऊन नगरसेवकाकडे गेले, की पुढच्या अर्थसंकल्पात निधी मागता येतो. सभेची वेळ बदलू शकते, म्हणून क्षेत्रीय कार्यालयात आधी खात्री करावी.

जवळपास चार वर्षे सांगवीकरांनी आपले म्हणणे थेट अधिकाऱ्यांसमोर मांडले. नगरसेवक आल्यावर ती सवय सुटता कामा नये. आणि नव्या नगरसेवकांना पहिला प्रश्न विचारायला हवा तो हाच : आमच्या भागाची क्षेत्रसभा कधी बोलावणार?