चालता चालता इंजिन बंद पडते तेव्हा



आपल्या समाजातली पुष्कळ मुले शिक्षण संपवून नोकरीला लागली की पहिल्या दोन-चार वर्षांत गाडीचा विचार करतात. नवी गाडी परवडत नाही, म्हणून जुनी घेतात. आणि जुनीच घ्यायची तर साधी कशाला, जोरदार इंजिनाची घेऊ, असाही मोह होतो. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने अशीच एक वेगवान गाडी चार वर्षांच्या बचतीतून घेतली. तीन महिन्यांनी ती अयोध्या बायपासवर चालता चालता एकाएकी बंद पडली. त्याला तीन ठिकाणी तीन निदाने मिळाली आणि एका ठिकाणी तर ‘इंजिन गेले, दुसरे टाका’ असा निकालच लागला. त्या निमित्ताने हा विषय सर्वांना समजेल अशा भाषेत मांडावा असे आम्हाला वाटले. वर्गात आपण जे विज्ञान शिकतो ते घरच्या पैशाचे रक्षण कसे करते, हेही त्यातून कळेल.

इंजिनातला ठेका

पेट्रोल इंजिनात पिस्टन सिलिंडरमध्ये खाली-वर होतो आणि त्यामुळे खालचा क्रँकशाफ्ट फिरतो. वर हेडमध्ये व्हॉल्व्ह असतात. काही हवा-पेट्रोल आत घेतात, काही जळलेला वायू बाहेर सोडतात. हे व्हॉल्व्ह उघडण्याचे काम कॅमशाफ्ट करतो. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची बरोबर एक फेरी झाली पाहिजे. मिनिटाला ६००० फेऱ्यांनी इंजिन फिरत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो व मिटतो.

हे दोन शाफ्ट एकमेकांना बांधून ठेवते ती टाइमिंग बेल्ट किंवा चेन. बेल्ट रबराचा, आत मजबूत तंतू असलेला आणि दातेरी असतो. बऱ्याच इंजिनांत, विशेषतः जास्त ताकदीच्या इंजिनांत, उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन एकच जागा वापरतात, फक्त वेगवेगळ्या वेळी. स्नेहसंमेलनातले लेझीम पथक आठवा. ठेका बरोबर आहे तोवर सर्व सुरळीत चालते. एकाचा ठेका चुकला की शेजाऱ्याच्या हातावर लेझीम बसते. बेल्ट तुटला किंवा त्याचे दाते झिजून सुटले की कॅमशाफ्ट थांबतो, पिस्टन मात्र वेगात वर येतच राहतो आणि उघड्या व्हॉल्व्हला धडकून त्याला वाकवतो.

उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलेच घेऊ. स्कोडा कंपनीची ऑक्टेव्हिया २००१ पासून औरंगाबादेत (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) तयार होऊ लागली. तिचीच आरएस ही वेगवान आवृत्ती २००४ साली आपल्याकडे आली. १.८ लीटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, १५० अश्वशक्ती. त्या इंजिनात चार सिलिंडर आणि प्रत्येकाला पाच, म्हणजे एकूण वीस व्हॉल्व्ह. बेल्ट एका कॅमशाफ्टला फिरवतो, तो चेनने दुसऱ्याला फिरवतो, आणि वॉटर पंपही त्याच बेल्टवर चालतो. बेल्ट ही ठरल्या मुदतीत बदलण्याची वस्तू आहे, हे ज्यांनी पाळले त्यांच्या गाड्या उत्तम चालल्या. पण एवढ्या जुन्या गाड्या आज तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे असतात, आणि शेवटचा बेल्ट कोणी व कधी बदलला हे सांगणारे कोणी उरत नाही.

रस्त्यावर काय करावे

इंजिन बंद पडल्यावर स्टीअरिंग जड होते आणि ब्रेकची मदत एक-दोन दाबांनंतर संपते. म्हणून घाबरून ब्रेक पुनःपुन्हा पंप करू नये. एकदाच नेटाने दाबून गाडी डावीकडे घ्यावी. गाडी पूर्ण थांबेपर्यंत किल्ली काढू नये, नाही तर स्टीअरिंग अडकते. चारही इंडिकेटर लावावेत, मागे पुरेशा अंतरावर लाल त्रिकोण ठेवावा आणि माणसांनी गाडीत न बसता रस्त्यापासून दूर उभे राहावे.

यानंतर बहुतेक जण जे करतात ते मात्र करू नये. पुनःपुन्हा स्टार्टर मारू नये. बेल्ट गेला असेल तर प्रत्येक फेरीत आणखी व्हॉल्व्ह वाकण्याची भीती असते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली असेल तर सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असू शकते. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो.

निदानाची रीत

आमच्या विद्यार्थ्याला पहिल्या मिस्त्रीने सांगितले, ‘इंजिन जाम झाले.’ पण स्टार्टर दिला की इंजिन फिरत होते. जाम झालेले इंजिन फिरत नाही. म्हणजे हे अनुमान त्याच क्षणी बाद व्हायला हवे होते. दुसरा म्हणाला, ‘पेट्रोल पंप गेला.’ पेट्रोल नसले तरी स्टार्टरचा आवाज नेहमीसारखाच, ठेक्यात येतो, कारण प्रत्येक सिलिंडर हवा दाबत असतो. इथे आवाज हलका, सलग, पंख्यासारखा येत होता. याचा अर्थ सिलिंडर हवा दाबतच नव्हते. तिसऱ्या मिस्त्रीने आधी कान दिला आणि मग बेल्टवरचे प्लास्टिकचे झाकण काढले. बेल्ट वरून अखंड दिसत होता! त्याने क्रँकशाफ्ट पान्याने हाताने अगदी थोडा फिरवून पाहिला. वरचा कॅम हलला नाही. खालच्या बाजूला बेल्टचे दाते सोलून निघाले होते.

आता क्रम लक्षात घ्यावा.

१) आवाज: इंजिन फिरत नाही, ठेक्यात फिरते की हलके फिरते? एवढ्यावरून तीन वाटा वेगळ्या होतात. फिरतच नसेल तर आधी बॅटरी व स्टार्टर पाहावे, मगच ‘जाम’ म्हणावे.

२) बेल्ट: हलके फिरत असेल तर स्टार्टर बंद ठेवून झाकण काढून पाहावे.

३) ठिणगी आणि पेट्रोल: ठेक्यात फिरत असेल तर बेल्ट बहुधा शाबूत आहे. मग फ्यूज, रिले, पंपाचा दाब, इग्निशन कॉइल आणि क्रँक सेन्सर तपासावेत. गरम झाल्यावर बंद आणि थंड झाल्यावर चालू, असे होत असेल तर क्रँक सेन्सरचा संशय घ्यावा. अशा वेळी संगणकाच्या स्कॅनरवर साठलेला कोड वाचून घ्यावा. कोड दिशा दाखवतो, निकाल देत नाही.

४) दाब आणि गळती: बेल्ट गेलेला असेल तर नवा बेल्ट खुणा जुळवून बसवावा आणि मगच सिलिंडरमध्ये हवा भरून ऐकावे. हवा सायलेन्सरमधून येत असेल तर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह वाकला, हवा घेण्याच्या बाजूने येत असेल तर आत घेणारा. ऑइलच्या तोंडातून येत असेल तर रिंग झिजल्या, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट गेले.

या शेवटच्या तपासणीनेच आमच्या विद्यार्थ्याचे पैसे वाचले. दोष फक्त हेडमध्ये होता, खालचा भाग ठीक होता. हेड उघडल्यावर सोळापैकी सहा व्हॉल्व्ह वाकलेले निघाले. पिस्टनवर ओरखडे होते, पण तडा नव्हता. दुसरे इंजिन टाकण्याची गरज उरली नाही. तसे इंजिन बदललेच तर नवा इंजिन क्रमांक आरटीओकडे नोंदवावा लागतो, हेही पालकांनी ध्यानात ठेवावे.

दुरुस्ती

वाकलेले व्हॉल्व्ह बदलताना त्यांचे गाइड व सीलही तपासावेत, व्हॉल्व्ह बैठकीवर घासून बसवावेत आणि हेड सपाट आहे की नाही ते सरळ पट्टीने पाहावे. हेड गॅस्केट नवेच लागते. हेडचे बोल्ट अनेक इंजिनांत ताणले जाणारे असतात, ते पुन्हा वापरू नयेत. सर्व बसवल्यावर क्रँकशाफ्ट हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवून खुणा परत जुळतात का ते पाहावे. अडखळ लागली तर तिथेच थांबावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बेल्ट का गेला हे शोधल्याशिवाय नवा बसवू नये. इथे वॉटर पंपाचे बेअरिंग अडकत होते आणि त्यावर बेल्टचे दाते घासले गेले. फक्त बेल्ट बदलला असता तर तोही काही दिवसांत गेला असता. म्हणून बेल्ट, टेन्शनर, आयडलर पुली आणि वॉटर पंप एकदमच बदलावेत. कॅमच्या सीलमधून ऑइल गळत असेल तर तेही बंद करावे, कारण ऑइल बेल्टचे रबर खराब करते.

जुनी गाडी घेण्यापूर्वी

आधीच्या मालकाने ‘बेल्ट बदललेला आहे’ असे सांगितले होते. बिल मात्र दिले नव्हते. आमचा सल्ला असा की बिल नाही तर बेल्ट बदललेला नाही असेच समजावे आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्यावेत. मीटरवरच्या किलोमीटरवर विसंबू नये, तो मागे फिरवता येतो. मुदत किलोमीटरबरोबर वर्षांचीही असते. ती गाडीच्या पुस्तिकेत पाहावी. उभी राहिलेल्या गाडीचा बेल्टही म्हातारा होतो. नेहमीच्या विमा पॉलिसीत असा यांत्रिक बिघाड भरून मिळत नाही, हे घरात आधीच बोलून घ्यावे.

विद्यार्थ्यांनी यातून एक गोष्ट जरूर घ्यावी. तिसरा मिस्त्री बाकीच्यांपेक्षा फार शिकलेला नव्हता. त्याने आधी पाहिले, ऐकले, एकेक शक्यता पुराव्याने बाद केली आणि मगच पाना उचलला. आपल्या प्रयोगशाळेत निरीक्षण, अनुमान आणि निष्कर्ष असे तीन रकाने असतात. त्यांचा क्रम उलटला की खिशाला किती भुर्दंड पडतो, ते इथे दिसते.

ज्या पालकांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांनी या रविवारी बिलांची फाइल काढून बेल्टची तारीख शोधावी, मुलांनाही शेजारी बसवावे. तारीख सापडली तर गाडीतल्या डायरीत लिहून ठेवावी. नाही सापडली तर सोमवारी मिस्त्रीला फोन करावा.