टॅबची कळ व तालुक्यांचीं नांवें

गेल्या दिवाळीच्या सुटीपूर्वीं आम्हीं वसतिगृहांतील मुलांची तालुकावार यादी संगणकावर केली. कोणत्या बाजूस किती मुलें जाणार, हें तीवरून ठरावयाचें होतें. लिहिणारे दोघे होते. एकानें ‘मंगळवेढें’ लिहिलें, दुसऱ्यानें ‘मंगळवेढा’. संगणकाच्या लेखीं तीं दोन निराळीं ठिकाणें झालीं. निघण्याच्या वेळीं पहिल्या नांवाखालील मुलांस हांक मारण्यांत आली, आणि दुसऱ्या नांवाखालीं राहिलेला एक लहान मुलगा सायंकाळपर्यंत आपल्या वळकटीवर बसून राहिला. चूक सर्वस्वीं आमची होती. तिच्यावर उपाय शोधतांना जें कळलें, तें येथें सांगतों.

आमची यादी पायथॉन या भाषेंत लिहिलेल्या एका लहानशा प्रोग्रॅमनें होते. ही भाषा गीडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनीं निर्माण केली व ती १९९१ सालीं प्रसिद्ध झाली. आमच्या प्रोग्रॅमला चित्रें नाहींत कीं बटणें नाहींत, पडद्यावर ‘तालुका?’ असा प्रश्न येतो व त्यापुढें उत्तर लिहावयाचें असतें. अशा ठिकाणीं अर्धें नांव लिहून टॅबची कळ दाबली असतां उरलेलें नांव आपोआप पुरें व्हावें, अशी योजना करतां येते. ही कल्पना कांहीं आजची नव्हे. टेनेक्स नांवाच्या संगणकव्यवस्थेंत ती १९७० च्या दशकांतच होती.

पायथॉनमध्यें हें काम रीडलाइन नांवाचा विभाग करतो. (विंडोजवरील पायथॉनबरोबर तो येत नाहीं, लिनक्सवर सहसा असतो.) त्यास दोन गोष्टी कळवाव्या लागतात: टॅब दाबतांच शब्द पुरा करावयाचा, ही एक, आणि नांवें कोणत्या फंक्शनकडे मागावयाचीं, ही दुसरी. तें फंक्शन आपण स्वतः लिहावयाचें. रीडलाइन त्यास लिहिलेलीं अक्षरें व एक अनुक्रमांक देतें. अनुक्रमांक शून्य असतां जुळणारें पहिलें नांव द्यावें, एक असतां दुसरें. आणि नांवें संपलीं म्हणजे ‘कांहीं नाहीं’ असें उत्तर द्यावें. कोठीवाल्यानें मागणीप्रमाणें एकेक जिन्नस पुढें करावा व शेवटीं ‘संपलें’ म्हणावें, तसाच हा प्रकार आहे.

आपल्या सोलापूर जिल्ह्यांत ११ तालुके आहेत. केवळ ‘म’ लिहून टॅब दाबली, तर मंगळवेढें, माढा, माळशिरस व मोहोळ हीं चार नांवें जुळतात. म्हणून लगेच कांहीं घडत नाहीं, पुन्हां दाबल्यावर चारही नांवें पडद्यावर येतात. ‘मा’ लिहिल्यास दोनच उरतात. ‘माळ’ लिहितांच ‘माळशिरस’ पुरें होतें.

येथवर सर्व सुरळीत झालें. परंतु एका मुलानें ‘दक्षिण सो’ लिहून टॅब दाबली, आणि कांहींच झालें नाहीं. कारण असें कीं, मधली रिकामी जागा हा शब्दाचा शेवट, असें रीडलाइन समजतें. त्यामुळें आमच्या फंक्शनकडे फक्त ‘सो’ पोंचलें, आणि ‘सो’ नें सुरू होणारा तालुका यादींत नाहीं. मध्यें आडवी रेघ घालूनही भागत नाहीं, कारण तीही शब्द तोडणाऱ्या चिन्हांतच मोडते. हीं चिन्हें मात्र आपणांस बदलतां येतात. आमच्या प्रश्नास नांवाखेरीज दुसरें उत्तरच नसल्यामुळें आम्हीं रिकामी जागा त्यांतून काढून टाकली, आणि ‘दक्षिण सोलापूर’ पुरें होऊं लागलें. ज्या प्रोग्रॅममध्यें आधीं आज्ञा व मग नांव लिहावयाचें असतें, तेथें मात्र हा उपाय चालणार नाहीं. तेथें आज्ञा व नांव हीं एकच शब्द समजलीं जातील.

आणखी एक गोष्ट पालकांनीं व मुलांनीं ध्यानांत ठेवावी. टॅब न दाबतां कोणी ‘मंगळवेढा’ असें पुरें लिहिलें, तर ही कळ त्यास अडवीत नाहीं. म्हणून उत्तर आल्यावर तें यादींत आहे कीं नाहीं हें पाहणें, व नसल्यास पुन्हां विचारणें, हेंही आम्हीं प्रोग्रॅममध्यें घातलें.

उन्हाळ्याच्या सुटीस यादी पुन्हां झाली. या वेळीं ‘मंगळवेढें’ एकदांच आलें, आणि तो मुलगा आपल्या सोबत्यांबरोबर पहिल्याच गाडीनें घरीं गेला.