अँप्लिफायरचा फ्यूज उडाला तर

आरतीची वेळ झाली आहे. माणसे जमली आहेत. कोणीतरी अँप्लिफायरचे बटण दाबतो, पण पुढचा तांबडा दिवा काही लागत नाही. कर्णा मुका. मग एक जाणता पुढे येतो, फ्यूज काढून पाहतो नि म्हणतो, "उडालाय. तार लावा आणि चालू करा!" ही तार लावू नये, असे आम्ही सांगणार आहोत. का लावू नये आणि त्याऐवजी काय करावे, तेही सांगतो.

आम्ही बोलतो आहोत ते व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरबद्दल. आत काचेच्या नळ्या असतात, त्या तापल्या की तांबूस उजेड देतात, तोच हा. ट्रान्झिस्टरचे हलके सेट आले आणि हे मागे पडले. पण संपले नाहीत. एखाद्या मंडळाच्या कपाटात असा सेट अजून सापडतो. जुन्या गाण्यांचे शौकीन तो जपून ठेवतात. गिटार वाजवणारे तर नवा करकरीत विकत घेतात.

आता फ्यूज म्हणजे काय? एक लहानशी काचेची नळी, दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या आणि मधून गेलेली केसासारखी बारीक तार. सेटला लागणारी सगळी वीज या तारेतून जाते. वीज प्रमाणाबाहेर वाहू लागली की तार तापते, वितळते आणि वाट बंद होते. म्हणजे फ्यूज बिघडलेला नसतो. त्याने आपले काम केलेले असते.

थोडा हिशेब करू. समजा, सेटला २०० वॅट वीज लागते. आपल्याकडे घरात वीज येते २३० व्होल्टची. २०० ला २३० ने भागा. एक अँपियरसुद्धा भरत नाही. म्हणून अशा सेटला एक-दीड अँपियरचा फ्यूज पुरतो. त्या जागी कोणी दहा अँपियरचा बसवला, तर २३०० वॅटपर्यंत वीज बिनबोभाट आत जाईल. मोठ्या शेगडीला लागते तेवढी वीज ही! जाड तार किंवा सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद लावला, तर त्यालाही धरबंध नाही. मग फ्यूजऐवजी काय जळेल? ट्रान्सफॉर्मर. त्याची वेटोळी पुन्हा गुंडाळून घ्यायची म्हणजे खर्च मोठा आणि तसा कारागीर मिळणेही कठीण. कधी कधी सेट पेट घेतो, आणि मांडवात कापड असतेच.

तेव्हा फ्यूज बदलायचा तो असा. आधी बटण बंद करा आणि प्लग भिंतीतून उपसून काढा. नुसते बटण बंद करून भागत नाही. फ्यूजच्या खोबणीत तरीही वीज असू शकते. फ्यूज बहुधा मागच्या बाजूला, वायर आत जाते तिथे असतो. त्याचे टोपण दाबून फिरवले की तो बाहेर येतो.

तो उजेडात धरून पाहा. तार मधेच तुटली आहे, पण काच स्वच्छ आहे, तर वीज थोडीशीच जास्त झाली असेल. कधी फ्यूज नुसता म्हातारा होऊनही जातो. पण काच आतून काळी पडली असेल किंवा आरशासारखी चकाकत असेल, तर आत मोठा शॉर्ट झाला आहे असे समजा. अशा वेळी दुसरा फ्यूज घालून पाहण्यातही अर्थ नाही, असे आमचे मत.

नवा फ्यूज किती अँपियरचा? काढलेल्या फ्यूजवरचा आकडा पाहून आणू नका. आधीच्या माणसाने चुकीचा बसवला नसेल कशावरून? सेटच्या पाठीवर, खोबणीशेजारी आकडा छापलेला असतो, तो खरा. आकड्याआधी रोमन 'टी' असेल, तर फ्यूज सावकाश उडणारा हवा. 'एफ' म्हणजे झटकन उडणारा. व्हॉल्व्हच्या सेटला बहुधा सावकाश उडणाराच लागतो. सेट गार असताना चालू केला की पहिल्या क्षणी तो वीज जास्त ओढतो. तेवढ्याने उडणारा फ्यूज काय कामाचा?

नवा फ्यूज बसवला, आता कर्णा जोडला आहे ना ते पाहा. कर्ण्यावाचून व्हॉल्व्हचा सेट चालवला, तर आवाजाचा ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. मग चालू करा आणि जवळ उभे राहा. काचेच्या आतली तार तांबूस दिसते, ते ठीक. पण तिच्याभोवतीचा धातूचा पत्राच लाल होऊ लागला, तर ताबडतोब बंद करा.

नवा फ्यूजही उडाला, तर तिसरा घालू नका. झाकणही उघडू नका, हे मात्र कळकळीने सांगतो. आत तीनशे-चारशे व्होल्टचा दाब असतो. तिथले कंडेन्सर वीज साठवून ठेवतात आणि प्लग काढल्यावरही ती बराच वेळ राहते. सेट मेलेला दिसतो, पण त्याचा झटका माणसाचा जीव घेऊ शकतो.

सेट मेकॅनिककडे न्या. जळालेले दोन्ही फ्यूज बरोबर द्या. फ्यूज कधी उडाला तेही सांगा. बटण दाबताक्षणी उडाला, तर तो बहुधा ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर नि कंडेन्सर आधी तपासील. व्हॉल्व्ह तापल्यावर, अर्ध्या मिनिटाने उडाला, तर व्हॉल्व्हपासून सुरुवात करील. घरी परतताना त्याच आकड्याचे चार फ्यूज घ्या आणि डबीत घालून सेटजवळच ठेवा.