खाडीच्या होडीला इंजिन घेताना

भाताची कापणी-झोडणी आटपली, वाल पेरून झाले, की खाडीकाठच्या गावात होडीचा विषय निघतो. पलीकडच्या खाजणातलं भात आणि पेंढा घरी आणायचा असतो. जोडीला चार पैशांची मासळी मिळाली तर हवीच असते. वल्हवून वल्हवून खांदे भरून येतात आणि मग घरात बोलणं होतं, यंदा इंजिन घेऊया का?

इथे इंजिन म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचं, काम झालं की काढून घरी न्यायचं यंत्र. बंदरावर त्याला ओबीएम म्हणतात. धरमतर, कुंडलिका, राजपुरी किंवा बाणकोटच्या खाडीत चालणारी, ट्रॉलीवर चढवून घरी आणता येणारी १४ ते १८ फुटांची होडी डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिलं आहे. मोठ्या मच्छीमार नौकांचा हिशेब वेगळा.

पहिला प्रश्न हमखास हाच असतो : किती हॉर्सपॉवरचं घ्यावं? दुकानदार म्हणतो १५ चं घ्या, पुढे उपयोगी पडेल. शेजाऱ्यानेही १५ चंच घेतलेलं असतं. पण होडी काही मोटरसायकल नव्हे. ओझं घेऊन पाणी कापत चालणाऱ्या होडीचा वेग तिच्या लांबीशी बांधलेला असतो. चालताना नाळेशी एक लाट उठते, मागे दुसरी उठते, आणि होडी त्या दोन लाटांमधल्या खळग्यात बसून चालते. १६ फुटी होडीला हा वेग ताशी १० किलोमीटरच्या आसपास पडतो. त्यापुढे जोर लावला तर नाळ वर उचलते, मागची बाजू पाण्यात बसते, पेट्रोल भडाभडा जळतं आणि वेग मात्र जेमतेम वाढतो. सपाट तळाची हलकी होडी रिकामी असताना पाण्यावरून घसरत पळते, हे खरं. तिच्यात चार पोती टाका आणि मग पळवून बघा!

तेव्हा वजनाचा हिशेब करा. होडी सव्वादोनशे किलो, दोन माणसं सव्वाशे, भाताची चार पोती दोनशे, इंजिन, टाकी, दोर, नांगर धरून आणखी पन्नास. म्हणजे झाले सहाशे किलो. शांत पाण्यात टनाला ४ ते ५ हॉर्सपॉवर पुरते, म्हणजे या ओझ्याला ३ सुद्धा पुरेल. पण आपली खाडी शांत थोडीच असते! अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आपल्या किनाऱ्यावर पाणी साडेतीन-चार मीटर चढतं आणि उतरतं. तेवढं पाणी सहा तासांत खाडीच्या तोंडातून आत येतं आणि पुढच्या सहा तासांत बाहेर जातं. त्या वेळी ओढ ताशी चार-पाच किलोमीटरची असू शकते. वल्ह्यावर माणूस जेमतेम तेवढंच चालतो, म्हणून तो जागच्या जागी राहतो. त्यात दुपारी वारा सुटला तर बघायलाच नको. म्हणून शांत पाण्याच्या हिशेबाची दुप्पट धरा. अशा होडीला ६ हॉर्सपॉवर बरोबर. १८ फुटी होडी असेल किंवा ओझं जास्त असेल तर ८ ते १०. त्याहून मोठं घेऊन खाडीच्या कामात फायदा नाही.

तोटा मात्र आहे, आणि तो रोजचा आहे. फोर-स्ट्रोक इंजिन पूर्ण जोरात चालवलं तर हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण पाव ते एक तृतीयांश लिटर पेट्रोल घेतं. ६ चं इंजिन दोन लिटरच्या आत राहील, १५ चं पाच लिटरपर्यंत जाईल. पेट्रोल लिटरला शंभर रुपयांच्या वर गेलेलं असताना एका फेरीच्या भातावर हा खर्च किती बसतो, ते घरी पाटीवर मांडून पाहा.

दुसरा तोटा अंगावर येतो तो सुकतीला. भरतीला होडी बांधाला लागते, सुकतीला पाणी शे-दोनशे पावलं आत जातं आणि मधे उरतो गुडघाभर चिखल. चोरीच्या भीतीने इंजिन तर होडीवर ठेवायचं नाही, म्हणजे ते त्या चिखलातून खांद्यावरून आणायचं. ६ चं फोर-स्ट्रोक साधारण २५ ते २७ किलो भरतं, म्हणजे भाताचं अर्धं पोतं. १५ चं ५० किलोच्या घरात जातं. अमेरिकेत ओले एव्हिनरूड याने १९०९ पासून विकायला काढलेलं इंजिन २८ किलोचं होतं आणि त्याची ताकद होती अवघी दीड हॉर्सपॉवर. आज त्याच वजनात चौपट ताकद मिळते, तर एका माणसाला उचलेल एवढंच इंजिन घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. दुकानात नुसतं बघू नका, खांद्यावर घेऊन दहा पावलं चाला.

आता दांड्याची लांबी. इथे पुष्कळजण फसतात. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते. ती होडीच्या तळाच्या रेषेत किंवा फार तर इंचभर खाली यायला हवी. जाण्याआधी घरी मागच्या फळीच्या मधोमध, वरच्या काठापासून तळापर्यंत सरळ उभं माप घ्या. १५ इंच आलं तर आखूड दांडा, २० इंच आलं तर लांब दांडा. उंच फळीला आखूड दांडा लावला तर पंखा हवा ओढतो, इंजिन किंचाळतं आणि होडी पुढे सरकत नाही. बुटक्या फळीला लांब दांडा लावला तर पंखा खोल जाऊन चिखल घुसळतो. फळी दीड-दोन इंच जाड आणि न कुजलेली हवी. नुसत्या शिकंज्यावर भरवसा ठेवू नका. जाड दोराने किंवा साखळीने इंजिन होडीला बांधा.

पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात. पहिला पंख्याची रुंदी सांगतो, दुसरा एका फेऱ्यात तो किती पुढे ढकलतो ते. ओझ्याच्या होडीला दुसरा आकडा लहान हवा. पळण्यासाठीचा पंखा ओझ्याला लावणं म्हणजे भरलेली गाडी टॉपच्या गियरमध्ये चढावर घालणं.

टू-स्ट्रोक घ्यावं की फोर-स्ट्रोक? टू-स्ट्रोक हलकं असतं, गावच्या मिस्त्रीलाही खोलता येतं. पण पेट्रोल बरंच जास्त खातं आणि त्यात तेल मिसळावं लागतं, बहुतेक इंजिनांना लिटरला २० मिलि. नव्या इंजिनाला सुरुवातीला तेल जास्त लागतं. पुस्तकात लिहिलेलं माप पाळा. रॉकेलवर चालणारी इंजिनंही आहेत, पण रॉकेल आता गावात पूर्वीसारखं मिळत नाही. रोज होडी काढणाऱ्याने फोर-स्ट्रोक घ्यावं. महिन्यातून चार वेळा काढणाऱ्याला चांगल्या स्थितीतलं टू-स्ट्रोक चालेल.

एक नवी गोष्ट मात्र सगळ्यांनाच लागू आहे. २०२५ पासून पंपावरच्या पेट्रोलमध्ये सर्रास २० टक्के इथेनॉल असतं, आणि बहुतेक ओबीएम १० टक्क्यांपर्यंतच मानवतात. घेण्याआधी पुस्तकात हा आकडा बघा, विक्रेत्याकडून लिहून घ्या. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं, आणि खाडीवर ओलाव्याला काय तोटा! पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट टाकीच्या तळाशी बसतं. म्हणून पेट्रोल लागेल तेवढंच आणा, पंधरवडाभर साठवू नका, टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये पाणी वेगळं करणारी गाळणी बसवा.

आपल्या खाडीचं पाणी गढूळ असतं आणि इंजिन त्याच पाण्याने थंड होतं. चालू असताना मागे पाण्याची बारीक धार पडत असते. ती थांबली की लगेच इंजिन बंद करा. काठ जवळ आला की इंजिन वर उचला आणि बांबूने होडी ढकला. आतला रबरी पंखा दरवर्षी बदलावा. बंद करण्याची दोरी मनगटाला बांधलेली असू द्या, अंगात जाकीट घाला आणि इंजिन आलं म्हणून वल्ही घरी ठेवू नका.

इंजिन घेण्यापूर्वी अलिबागच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात एकदा जाऊन या. मासेमारी करणार असाल तर होडीची नोंदणी आणि परवाना लागतो. शिवाय १ जूनपासूनच्या पावसाळी बंदीतून बिनइंजिनाच्या पारंपरिक होडीला सूट असते. इंजिन लावलंत की ती जाते. आषाढातल्या मासळीवर ज्यांचं घर चालतं त्यांनी याचा विचार आधी करावा. भाडं घेऊन माणसं न्यायची तर महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना वेगळा.

ट्रॉलीवरून नेताना इंजिन काढून ठेवलेलं उत्तम. काढलं नाहीत तर वर उचलून खाली लाकडी ठोकळा द्या, नुसत्या खिटीवर सोडू नका. आडवं ठेवायचं तर पुस्तकात दाखवलेल्या कुशीवरच; दुसऱ्या कुशीवर फोर-स्ट्रोकचं तेल भलत्या जागी उतरतं. रोज घरी आल्यावर गोड्या पाण्याच्या पिंपात पंखा बुडवून पाच मिनिटं इंजिन चालवा. पावसाळ्यात होडी शाकारताना कार्बोरेटरमधलं पेट्रोल काढून टाका, गियरचं तेल बदला, आणि इंजिन माळ्यावर न टाकता ओटीवर लाकडी घोडीला उभं अडकवा, चुलीपासून लांब.