अस्थिबंध पुनर्रचनेनंतर महिला खेळाडूंची उडीनंतर उतरण्याची क्रिया : एक जैवयांत्रिकीय विवेचन

प्रस्तावना : अँटिरियर क्रुसिएट लिगामेंट, अर्थात एसीएल, हा गुडघ्याच्या सांध्यातील महत्त्वाचा अस्थिबंध होय. नडगीचे हाड पुढे सरकू न देणे व सांध्याचे अतिरिक्त परिभ्रमण रोखणे हे त्याचे कार्य. बास्केटबॉल, फुटबॉल, हँडबॉल अशा खेळांत तो तुटण्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा महिलांत अधिक आढळते. विशेष म्हणजे यातील बहुसंख्य दुखापती धक्क्याने नव्हे, तर उडीनंतर उतरताना किंवा एकाएकी दिशा बदलताना होतात. कोगा व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये महिला खेळाडूंच्या चित्रफितींचे विश्लेषण केले असता, पाय टेकल्यापासून सुमारे ४० मिलिसेकंदांतच अस्थिबंध तुटत असल्याचे दिसले. एवढ्या अवधीत जाणीवपूर्वक सावरणे अशक्यच. स्नायूंची सिद्धता पाय टेकण्यापूर्वीच असावी लागते.

उतरताना कंबर व गुडघा पुरेसे वाकले, तर आघात मोठ्या स्नायूंत विभागला जातो. गुडघा ताठ राहिल्यास मांडीच्या पुढील स्नायूंचा ताण नडगीला पुढे ओढतो. त्यातच गुडघा आत झुकला की अस्थिबंधावरील भार वाढतो.

शस्त्रक्रियेत तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी बहुधा रुग्णाच्याच वाटीखालील अथवा मांडीमागील स्नायुबंधाचा भाग बसविला जातो. सांधा स्थिर होतो. हालचालीची सवय मात्र आपोआप सुधारत नाही. पॅटर्नो व सहकाऱ्यांच्या २००७ मधील अभ्यासात, शस्त्रक्रियेस सुमारे दोन वर्षे उलटलेल्या महिला खेळाडू उतरताना शस्त्रक्रिया न झालेल्या पायावर अधिक भार घेत असल्याचे आढळले. म्हणजे लंगडणे थांबले तरी शरीर त्या पायाला जपतच असते, आणि धोका निरोगी पायाकडे सरकतो. याच संशोधकांनी २०१० मध्ये खेळात परतलेल्या ५६ स्त्री-पुरुष खेळाडूंचा मागोवा घेतला. १३ जणांना वर्षभरात पुन्हा दुखापत झाली. उतरतानाची कंबर व गुडघ्याची सदोष हालचाल आणि तोल राखण्यातील उणीव हे तिचे पूर्वसूचक ठरले.

महाविद्यालयीन संघात मात्र ‘सहा महिने झाले’ एवढ्यावरच खेळाडूस मैदानात उतरविण्याचा मोह होतो. तो घातक आहे. ग्रिंडेम व सहकाऱ्यांच्या २०१६ मधील अभ्यासानुसार, नऊ महिन्यांपर्यंत पुनरागमन जितके लांबवावे, तितके प्रत्येक महिन्यागणिक पुनर्दुखापतीचे प्रमाण सुमारे ५१ टक्क्यांनी घटते. बलमापक पट्ट्या प्रत्येक महाविद्यालयात असणे शक्य नाही; परंतु फिजिओथेरपिस्टच्या संमतीनंतर फूटभर उंचीवरून मारलेल्या उडीचे समोरून मोबाईलवर चित्रीकरण केल्यास गुडघा आत झुकतो का, हे शारीरिक शिक्षण संचालकांनाही पाहता येते. दोन्ही पायांवरील भारातील तफावत मात्र अशा चित्रणात मोजता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी.