विजेची मोटार आणि मार्गिका बदलण्याची रीत

धर्माबादच्या बाजारांत मिरचीचा हंगाम आला म्हणजे रस्त्यावर किती प्रकारचीं वाहनें एकत्र होतात, हें आमच्या विद्यार्थ्यांस निराळें सांगावयास नको. पोत्यांनीं लादलेले टेंपो, उंसाचे ट्रॅक्टर, बैलगाड्या, सायकली, नांदेडची एस्. टी. आणि या सर्वांच्या मधून वाट काढणारी फटफटी! या गर्दींत हल्लीं आणखी एका वाहनाची भर पडली आहे. तें धूर सोडीत नाहीं, घरघर करीत नाहीं, आणि अगदीं जवळ येईपर्यंत आल्याची वर्दीहि देत नाहीं. ही विजेची मोटार होय. आमच्या कांहीं पालकांच्या दारांत ती आतां उभी दिसूं लागली आहे.

गेल्या सत्रांत नववीच्या वर्गांत वेग व अंतर यांचीं उदाहरणें चाललीं असतां एका मुलानें उभें राहून विचारलें, “सर, आमच्या काकांची गाडी आपण होऊन लेन बदलते. मग ड्रायव्हरनें काय करायचें?” वर्गांत हंशा पिकला, परंतु प्रश्न हंसण्याजोगा नव्हता. त्याचें उत्तर त्या दिवशीं तासाच्या घंटेमुळें अपुरें राहिलें, तें येथें पुरें करण्याचा विचार आहे.

रुंद रस्त्यावर पांढऱ्या रेघांनीं जे उभे पट्टे पाडलेले असतात, त्यांतील प्रत्येक पट्टा ही एक मार्गिका. ड्रायव्हर लोक तिलाच लेन म्हणतात. रस्त्याच्या मध्यावर रेघ ओढण्याची कल्पना अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत एडवर्ड हाइन्स नांवाच्या गृहस्थानें १९११ सालीं अंमलांत आणली. दुधाच्या गळक्या गाडीमागें उमटलेली पांढरी धार पाहून त्यास ती सुचली असें सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, एका साध्या रेघेनें जितके प्राण वांचविले तितके फार थोड्या यंत्रांनीं वांचविले असतील.

आपल्या राज्यांत मार्गिकांचें महत्त्व पाहावयाचें तर समृद्धी महामार्गावर जावें. नागपूर ते मुंबई अशी त्याची लांबी ७०१ किलोमीटर आहे. नागपूर ते शिर्डी हा पहिला भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा भाग ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. जाण्यास तीन व येण्यास तीन अशा सहा मार्गिका, मध्यें दुभाजक, दुचाकी व तीनचाकी वाहनांस मज्जाव, आणि सपाट प्रदेशांत मोटारीस ताशीं १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा, अशी तेथील व्यवस्था आहे. आपणां धर्माबादकरांस तो जालन्याजवळ गांठतां येतो. आपल्याकडे वाहनें रस्त्याच्या डाव्या बाजूनें चालतात, म्हणून पुढील संथ वाहन मागें टाकावयाचें तर उजवीकडील मार्गिकेंत जावयाचें व काम झालें कीं डावीकडे परतावयाचें. हें जाणें आणि परतणें, एवढ्या दोन हालचालींतच सारा धोका सांठलेला असतो.

तो कां, तें पाहूं. ड्रायव्हरजवळ तीन आरसे असतात. तरीहि मोटारीच्या मागील दोन्ही कोपऱ्यांशीं अशी एक जागा राहते, कीं तेथील वाहन आरशांतून निघून गेलेलें असतें आणि डोळ्यांच्या कडेस अजून आलेलें नसतें. विद्यार्थ्यांनीं वडिलांच्या उभ्या मोटारींत, किल्ली त्यांच्याच खिशांत ठेवून, ड्रायव्हरच्या जागीं बसावें आणि मित्रास मागून बाजूनें हळूहळू चालत यावयास सांगावें. तो आरशांतून नाहींसा होतो आणि कांहीं पावलें कोठेंच दिसत नाहीं! या आंधळ्या कोपऱ्यांत एखादी मोटार असतां स्टिअरिंग वळविलें, तर काय होईल तें सांगण्याची गरज नाहीं.

नव्या मोटारींत या कोपऱ्यावर पहारा करण्यास रडार बसविलेले असतात. पुण्याजवळ चाकण येथें बनणाऱ्या महिंद्राच्या बी. ई. ६ आणि एक्स्. ई. व्ही. ९ ई या, नोव्हेंबर २०२४ मध्यें प्रथम दाखविलेल्या मोटारींच्या वरच्या प्रतींत पांच रडार व एक कॅमेरा आहे. कॅमेरा पुढील कांचेच्या आंत, आरशामागें बसून रस्त्यावरील पांढऱ्या रेघा वाचतो. रडार रेडिओलहरी सोडतो, त्या समोरच्या वस्तूवर आदळून परततात, आणि जाण्यायेण्यास लागलेल्या वेळावरून अंतर कळतें. वेग कळतो तो आणखी एका युक्तीनें. आपल्या स्टेशनावरून न थांबतां जाणाऱ्या गाडीची शिटी लक्षपूर्वक ऐका: गाडी येत असतां तिचा सूर चढा असतो, आणि ती समोरून जातांच एकदम उतरतो. ख्रिश्चन डॉप्लर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानें या प्रकारचें तत्त्व १८४२ सालीं मांडलें. परतलेल्या लहरींचा ‘सूर’ किती चढला यावरून मागची मोटार किती वेगानें जवळ येत आहे हें रडारास समजतें. मग बाजूच्या आरशाच्या कांचेंत एक लहान दिवा लागतो. त्याच बाजूचा इंडिकेटर दिला तर तो लुकलुकूं लागतो किंवा घंटी वाजते.

आतां एक हिशेब. आपली मोटार ताशीं ८० किलोमीटर वेगानें चालली आहे आणि उजव्या मार्गिकेंतून मागून एक मोटार १२० च्या वेगानें येत आहे. फरक ४० किलोमीटरचा, म्हणजे सेकंदास सुमारें ११ मीटर. ती ६० मीटरांवर असतां आपण तिच्यापुढें शिरावयास लागलों, तर अवघ्या साडेपांच सेकंदांत ती आपणांस गांठते. आणि सावकाश मार्गिका बदलण्यास तितकाच वेळ लागतो! मागच्या कोपऱ्यांतील रडारांचा पल्ला पुढील मुख्य रडाराहून पुष्कळ कमी असतो. म्हणून दिवा लागला नाहीं याचा अर्थ ‘जवळ कोणी नाहीं’ इतकाच घ्यावयाचा. ‘मागें कोणी येत नाहीं’ असा घ्यावयाचा नाहीं. दूरचें पाहण्याचें काम आरशाचें व आपल्या डोळ्यांचेंच राहतें.

रीत म्हणून जी आहे ती अशी. आधीं मधला आरसा, मग बाजूचा, मग खांद्यावरून एक ओझरती नजर, त्यानंतर इंडिकेटर, तो दोन-तीन वेळां लुकलुकूं द्यावा, म्हणजे मागच्यास आपला मनोदय समजतो, पुन्हां एकदां आरसा, आणि मग स्टिअरिंगला अगदीं थोडें वळण. ज्या मोटारी स्वतः मार्गिका बदलूं शकतात, त्यांतहि आज्ञा ड्रायव्हरनेंच इंडिकेटर देऊन करावयाची असते, आणि हात स्टिअरिंगवर ठेवावयाचे असतात. यंत्र मग रेघा व बाजूची जागा तपासून मोटार सरकवितें. अडचण दिसल्यास बेत सोडून देतें.

एका पालकांनीं मजजवळ तक्रार केली, “सर, गाडी फार हट्टी आहे. मी उजवीकडे घेतों, ती मला डावीकडे ओढते!” बरीच विचारपूस केल्यावर उलगडा झाला. गृहस्थ तीस वर्षें ट्रॅक्टर व जीप चालवीत आलेले. इंडिकेटर देण्याची त्यांस संवयच नव्हती. इंडिकेटर न देतां मोटार रेघ ओलांडूं लागली, कीं ड्रायव्हरास डुलकी लागली असें समजून मार्गिका राखणारें यंत्र स्टिअरिंग मागें फिरवितें. तें हट्ट करीत नव्हतें. त्यांस झोंपेंतून जागें करीत होतें! इंडिकेटर दिल्यास विरोध होत नाहीं, आणि न देतांहि जोर केल्यास ड्रायव्हरचीच सरशी होते. हें ऐकून ते स्वतःच मनमुराद हंसले.

वेग एकसारखा राखणारें साधन या सर्वांहून जुनें आहे, आणि त्याचा जनक कोण म्हणाल तर एक अंध गृहस्थ! अमेरिकेंतील राल्फ टीटर यांची दृष्टि बालपणींच गेली होती. तरी ते नामांकित इंजिनियर झाले. त्यांच्या या शोधाचें पेटंट १९५० सालीं मंजूर झालें. ज्यास मोटार चालवितां येत नव्हती त्यानें चालविणाराचें काम हलकें केलें.

विजेच्या मोटारीचे कांहीं स्वतःचे गुण आहेत, ते मार्गिका बदलतांना ध्यानांत ठेवावे लागतात. तिची मोटर उभ्या जागेपासूनच पूर्ण जोर देते. पाय दाबतांच मोटार झेंपावते. ओलांडून जाण्यास हें सोयीचें, परंतु त्यामुळें अपुऱ्या जागेंत घुसण्याचा मोहहि होतो. उलट पाय उचलला, कीं मोटर जनित्र बनून बॅटरी भरूं लागते व मोटार ब्रेक दाबल्यासारखी मंदावते. एखाद्याच्या पुढें शिरून लागलीच पाय उचलणें म्हणजे त्याच्या नाकासमोर थांबणें होय. मोटार ठराविक प्रमाणाहून अधिक मंदावली तर मागचा लाल दिवा आपोआप लागतो हें खरें, पण मागच्यास तो पाहून ब्रेक दाबण्यास अवसर हवा! तिसरी गोष्ट शांततेची. सायकलवरून शाळेंत येणारे आमचे विद्यार्थी मागचें वाहन कानांनीं ओळखतात. मान वळवून पाहणारा विरळा. विजेची मोटार हळू चालत असतां हा कान फसतो. म्हणून सायकलवाल्यानेंहि रस्ता ओलांडण्यापूर्वीं मागें वळून पाहण्याची संवय आतां लावून घेतलीच पाहिजे.

आतां त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळूं. मोटारींच्या स्वयंचलनाच्या शून्य ते पांच अशा पायऱ्या मानल्या आहेत. वर सांगितलेल्या मोटारी दुसऱ्या पायरीच्या आसपास आहेत. तेथें यंत्र मदतनीस असतें, आणि जबाबदार माणूस राहतो. युरोपांत चालणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या ७९ क्रमांकाच्या नियमानें यंत्राकडून मार्गिका बदलून घेण्यास कोणता रस्ता हवा हेंहि सांगितलें आहे: जेथें पायीं चालणारे व सायकलस्वार यांस बंदी आहे, जेथें येणारी व जाणारी वाहतूक भिंतीनें वा दुभाजकानें वेगळी केली आहे, आणि जेथें एका दिशेस दोन तरी मार्गिका आहेत, असाच. हें वर्णन समृद्धीस लागू पडतें. आमच्या गांवाकडील दुहेरी रस्त्यास त्यांतील एकहि शब्द लागू पडत नाहीं.

ही गोष्ट मला एका प्रवासांत नीट समजली. आमचा एक माजी विद्यार्थी मला आपल्या नव्या मोटारींतून जालन्याहून घेऊन येत होता. त्यापूर्वीं समृद्धीवर त्यानें यंत्राची करामत मोठ्या कौतुकानें दाखविली होती. एकदां आरशांत मला कांहींच दिसेना, आणि दिवा मात्र लागला. दुसऱ्याच क्षणीं एक मोटार वाऱ्यासारखी शेजारून गेली. मीं मनांत यंत्रास हात जोडले. सायंकाळीं नांदेड मागें टाकून आम्ही गांवाच्या वाटेस लागलों. पुढें उंसाची ट्रॉली, मागें दिवा नाहीं. विद्यार्थ्यानें आरसा पाहिला, त्यांत दिवा नव्हता. इंडिकेटर दिला आणि मोटार उजवीकडे काढली. समोरून, दिवा न लावतां, एक फटफटी येत होती. तीवर नवरा, बायको आणि मध्यें मूल. त्यानें ब्रेक दाबून मोटार पुन्हां ट्रॉलीमागें घेतली. फटफटी निघून गेली. बराच वेळ मोटारींत कोणी बोललें नाहीं.

यंत्र चुकलें होतें काय? नाहीं. कोपऱ्यांतले रडार मागें पाहत होते, आणि मागें खरोखरच कोणी नव्हतें. दुहेरी रस्त्यावर ओलांडणें म्हणजे मार्गिका बदलणें नव्हे. तें समोरून येणाराच्या मार्गिकेंत शिरणें आहे. आपण ६० च्या वेगानें व समोरचा ६० च्या वेगानें, मिळून सेकंदास ३३ मीटर अंतर तुटतें. ओलांडण्यास आठ सेकंद लागले तर सुमारें २६५ मीटर. संधिप्रकाशांत बिनदिव्याची फटफटी इतक्या दूरवरून ना माणसास दिसते, ना कॅमेऱ्यास खात्रीनें ओळखतां येते. त्या विद्यार्थ्यानें तेव्हांपासून दुहेरी रस्त्यावर, विशेषतः दिवेलागणीस, ट्रॉलीमागें मुकाट्यानें चालण्याचें पत्करलें आहे.

मोटार बाळगणाऱ्या पालकांस आणखी एक सूचना. आपल्याकडील पावसाळ्यांत ट्रॅक्टरांच्या चाकांनीं रस्त्यावर आणलेला काळा चिखल मागच्या बंपरवर थापला जातो, आणि रडार नेमके त्याच्याच आंत असतात. चिखलाचा जाड थर बसला कीं ते मंद होतात. कधीं तसा संदेश पडद्यावर येतो, कधीं येत नाहीं. रेघा पुसट झाल्या, पाण्याखालीं गेल्या किंवा मावळतीचा सूर्य समोर आला, तर कॅमेऱ्याचीहि तीच अवस्था होते. निघण्यापूर्वीं ओल्या फडक्यानें पुढील कांच, आरसे आणि मागच्या बंपरचे दोन्ही कोपरे पुसावे. हें काम घरांतील मुलांनीं आपल्याकडे घेण्यास हरकत नाहीं.